विस्कटलेली घडी बसताना

जून महिना उजाडला, की आपल्याकडे घरोघरी दोनच विषय असतात. एक पावसाचा आणि दुसरा शाळेचा. वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते, तपकिरी कव्हरं घालायला आजोबांना कामाला लावलं जातं, मागच्या वर्षीचा रेनकोट यंदा मनगटाच्या वर चढलेला आढळतो आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण नेमकं शाळेच्या आदल्या दिवशी हरवतं. जूनच्या मध्यावर राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतात. विदर्भात उन्हाची काहिली लक्षात घेऊन आणखी काही दिवसांनी. तोवर घरातली सगळी खरेदी झालेली असते. आई-बाबा हुश्श करतात. 'झाली बाई एकदाची तयारी!'

खरं सांगायचं, तर तयारी तिथून पुढे सुरू होते. दप्तर, गणवेश, बूट हे सगळं बाजारात मिळतं. मुलाची नवी घडी मात्र घरी आणि वर्गात रोज थोडी थोडी बसवावी लागते, आणि ती बसेपर्यंत घरातल्या सगळ्यांचाच कस लागतो.

मी ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. दरवर्षी जूनमध्ये पालक माझ्याकडे यायचे. कुणी म्हणायचं, "बाई, सुटीत इतका शहाण्यासारखा वागत होता, आता एकदम हट्टी झालाय." कुणी सांगायचं, "बाई, हिला शाळा आवडत नाहीये बहुतेक. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते." एखादे वडील तर थेट विचारायचे, "दुसऱ्या शाळेत घालू का?" शाळा सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झालेले असायचे! या सगळ्यांना मी एकच उत्तर देत असे. "पंधरा दिवस थांबा. पण नुसते थांबू नका, जरा लक्ष देऊन थांबा." नुसतं थांबणं आणि लक्ष देऊन थांबणं यांत जो फरक आहे, त्याविषयीच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

झोपेचा हिशेब

पहिला प्रश्न झोपेचा. मे महिन्यात मुलांचं घड्याळ पार बदललेलं असतं. मामाचा गाव असो, नाहीतर घरातला टीव्ही आणि मोबाइल असो, रात्री अकराच्या आत कुणी आडवं होत नाही आणि सकाळी नऊच्या आत कुणी उठत नाही. मग १४ जूनच्या रात्री आई फर्मान काढते, "आज साडेआठला झोपायचं!" बिचारं मूल डोळे मिटून पडतं, पण झोप हुकमाची ताबेदार थोडीच आहे? ते साडेदहापर्यंत कुशी बदलत राहतं, आईचा पारा चढतो आणि शाळेचा पहिला दिवस अर्धवट झोपेत उजाडतो.

सहा ते बारा वर्षं वयाच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं 'अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. आता आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. शाळा सकाळी सातची, रिक्षा सहा वीसला दारात. म्हणजे उठायचं साडेपाचला. दहा तास झोप द्यायची, तर मुलाने रात्री साडेसातला झोपलं पाहिजे. आणि वडील कामावरून परततात साडेआठला! नऊ तासांवर भागवायचं म्हटलं, तरी बाबांच्या पाठीवर एकदा बसण्याआधीच दिवा मालवायला हवा. आपल्या शहरांतली किती तरी घरं वर्षानुवर्षं हा न जुळणारा हिशेब जुळवत आली आहेत, आणि त्यातली तूट मुलांच्या झोपेतून भरून काढली गेली आहे. पहिल्या तासाला बाकावर मान टाकून झोपणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत, की त्यांना उठवावं की नाही, हा प्रश्न मला कधीच सोपा वाटला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झाला. ज्या शाळांना खरोखरीच अडचण आहे, त्यांच्यासाठी वाट ठेवली गेली. निर्णय मुलांच्या हिताचा, यात शंका नाही. पण त्याने घरोघरची गणितं मात्र उलटीपालटी झाली. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरवणाऱ्या शाळांना वर्गखोल्या पुरेनात. थोरला सातच्या शाळेत आणि धाकटी नऊच्या, म्हणून रिक्षाकाकांच्या फेऱ्या वाढल्या. सकाळी साडेआठची लोकल पकडणाऱ्या आईने नऊच्या शाळेत मुलाला सोडायचं कसं? ते काम आजी-आजोबांकडे आलं. जिथे आजी-आजोबा नाहीत, तिथे शेजारच्या काकूंकडे. वेळापत्रक बदललं, की घडी फक्त मुलाची मोडत नाही, सगळ्या घराची मोडते, हे पुन्हा एकदा दिसून आलं.

मग करायचं काय? झोपेच्या बाबतीत माझा अनुभव असा, की झोपायची वेळ आधी बदलायला जाऊ नये. उठायची वेळ बदलावी. शाळा सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर उठवावं. उठल्यावर गॅलरीत, अंगणात, निदान खिडकीपाशी न्यावं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, की शरीरातलं घड्याळ आपोआप पुढे-मागे होतं. रात्रीची झोप मग मागून चालत येते. शाळा सुरू झालेली असली, तरी हा उपाय चालतो. मात्र निजायच्या आधी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलाचाही आणि मोठ्यांचाही. शेजारच्या खोलीत मालिका चालू ठेवून मुलाला 'झोप' म्हणणं, म्हणजे भज्यांचा वास सोडून उपास करायला सांगण्यासारखं आहे.

साधी कडी, मोठी भीती

दुसरी गोष्ट मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शाळा म्हणजे अभ्यास, असं आपण धरून चालतो. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने अभ्यास ही शाळेतली त्यातल्या त्यात सोपी गोष्ट असते. अवघड असतं ते बाकीचं. पन्नास दप्तरांत आपलं दप्तर ओळखायचं. बाई आपल्याकडे पाहत नसतील तर हाक कशी मारायची? पेन्सिल हरवली तर कुणाला सांगायचं? बाकावरच्या शेजाऱ्याने ढकललं तर गप्प बसायचं, की परत ढकलायचं? वीस मिनिटांत डबा उघडायचा, खायचा, बंद करायचा आणि हातही धुवायचे. मोठ्या माणसाला नव्या नोकरीत पहिल्या दिवशी असंच वाटतं, फक्त त्याला घरी जाऊन ते बोलून दाखवता येतं.

पहिलीतल्या एका मुलीची हकिकत सांगते. हुशार, हसरी पोर. पण शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि रोज दुसऱ्या तासानंतर तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना दाखवून झालं. घरच्यांना वाटलं, शाळा टाळायचे बहाणे. आमच्या शाळेतल्या मावशींनी मात्र एक गोष्ट हेरली होती. ही मुलगी स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. मी मधल्या सुटीत तिच्याशेजारी बसून हळूहळू विचारलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, आतली कडी मला लागत नाही. कुणी आलं तर?" कडी मोठ्या माणसाच्या उंचीवर बसवलेली होती. पोर सकाळपासून लघवी दाबून धरायची. ती लागू नये, म्हणून पाणी प्यायची नाही. आईने प्रेमाने भरून दिलेली बाटली रोज तशीच्या तशी घरी जायची.

शिपाईदादांकडून त्याच दिवशी खालच्या बाजूला एक दुसरी कडी ठोकून घेतली. तोवर मावशी दारापाशी उभ्या राहिल्या. चार दिवसांत पोटदुखी पळाली. औषध एका कडीचं होतं!

म्हणून पालकांना मी सांगत असे, की रोज दप्तर उघडताना वह्यांच्या आधी पाण्याची बाटली आणि डबा बघा. बाटली भरलेली परत आली, तर रागावू नका, विचारा. डबा अर्धा परत आला, तर 'माजलास का?' म्हणण्याआधी बघा, की त्या डब्याचं घट्ट झाकण त्याला एकट्याला उघडतं का. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाला घरी दोन-चारदा डबा उघडून खायची, चड्डीचं बटण किंवा नाडी सोडायची-लावायची आणि बुटाचा पट्टा ओढायची सवय करून दिली, तर पाढे पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. बाराखडी आम्ही शिकवतो हो. त्यासाठीच तर बसलोय.

दप्तराचंही तसंच. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून दप्तर जड असू नये, असा निर्णय राज्य सरकारने २०१५ मध्ये काढला. २० किलोच्या मुलाला २ किलो, असा त्याचा सरळ अर्थ. पण घरी कधी दप्तर वजनकाट्यावर ठेवलंय का? ठेवून बघा. निम्मं ओझं नको त्या वह्यांचं असतं, आणि ते असतं कारण दप्तर आई भरते. रात्री मुलाने स्वतः वेळापत्रक पाहून, आपण शेजारी बसून, दप्तर भरायला लागायचं. पहिले आठ दिवस वेळ लागेल. नंतर 'माझी वही कुठंय?' ही सकाळची आरोळी बंद होते.

घरी आल्यावरचं वादळ

तिसरी गोष्ट, जी ऐकून पालकांना हमखास आश्चर्य वाटे. ज्या मुलाबद्दल घरून तक्रार यायची, की 'आल्या आल्या आदळआपट करतो, रडतो, बहिणीला मारतो', ते मूल वर्गात बहुधा अगदी शहाण्यासारखं असायचं. एका मुलाची आई तर मला म्हणाली होती, "बाई, तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताय. माझा मुलगा इतका शांत नाहीये!"

दोन्ही खरं होतं. ते मूल दिवसभर स्वतःला आवरून धरतं. रांगेत उभं राहतं, तोंडावर बोट ठेवतं, हवी ती खडूची पेटी दुसऱ्याला देतं. त्या आवरण्याला फार शक्ती लागते. ती शाळा सुटेपर्यंत पुरते आणि घराच्या उंबऱ्यावर संपते. मग चप्पल सरळ ठेव, एवढंच कुणी म्हणालं, तरी बांध फुटतो. घरात तो फुटतो, कारण घर हे फुटायला सुरक्षित ठिकाण आहे. याला वाईट सवय समजू नका. मुलाचा आपल्यावर भरवसा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी उलटतपासणी कामाची नाही. "आज काय शिकवलं? अभ्यास काय दिलाय? कुणाशी भांडलास?" या प्रश्नांना 'काही नाही' हे एकच उत्तर मिळतं, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. आधी हातपाय धुऊन पोटात काहीतरी घालावं. गूळ-पोळी, पोहे, काहीही. मग अर्धा तास त्याला त्याच्या नादाला सोडावं. लोळू दे, गाड्या फिरवू दे. क्लास, अभ्यास, पाहुणे, सगळं त्यानंतर. बोलायचंच असेल, तर लहान प्रश्न विचारावा. "आज डब्यातलं कुणी मागितलं का रे?" किंवा "पावसात प्रार्थना कुठे झाली?" अशा प्रश्नावर मूल फुलतं आणि हवी ती बातमी तिच्या मागून आपोआप येते.

आणि निरोप घेताना? फाटकापाशी रडणाऱ्या मुलाला "मी इथेच उभी आहे हं" असं सांगून गुपचूप निघून जाणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. हेतू चांगला असतो. पण पहिल्या सुटीत मूल धावत फाटकाशी येतं आणि आई दिसत नाही. त्यानंतर ते आठवडाभर आईचा पदर सोडत नाही. त्याऐवजी खरं सांगावं आणि त्याला कळेल अशा भाषेत सांगावं. सहा वर्षांच्या मुलाला 'साडेबारा' कळत नाही. 'डबा खाल्ला, गोष्ट झाली, की आजोबा येतील', हे कळतं. एक आजोबा रोज नातीला सांगायचे, "तू वर्गात जा, मी फाटकाबाहेर आजीला भाजी घेऊन देतो, आणि शेवटची घंटा झाली की याच गुलमोहराखाली उभा असेन." आणि ते खरोखरच उभे असायचे, त्याच झाडाखाली, भर पावसात छत्री घेऊन. ती मुलगी तिसऱ्या दिवशी रडायची थांबली.

ती दोन वर्षं

घडी मोडणं म्हणजे काय, ते आमच्या पिढीच्या शिक्षकांनी पुरतं पाहिलं ते करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या जूनमध्ये ज्या मुलांचा पहिलीत प्रवेश झाला, त्यांनी शाळेची पायरी चढली ती थेट दुसरीत. पहिली ते चौथीच्या ग्रामीण आणि पहिली ते सातवीच्या शहरी वर्गांना परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून. मुंबई-पुण्यात तर डिसेंबरच्या मध्यावर शाळा उघडल्या. एक महिना होतो न होतो, तोच ओमायक्रॉनच्या लाटेने जानेवारीत पुन्हा कुलपं लागली आणि २४ जानेवारी २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने निघाली.

त्या डिसेंबरमधला माझा दुसरीचा वर्ग मी विसरू शकत नाही. बाकावर एकेक मूल, तोंडावर मास्क. कागदोपत्री दुसरीतली, पण बाकावर बसायची सवय शून्य. काही जण दर दहा मिनिटांनी उठून वर्गाबाहेर चालू लागायची. घरात मोबाइलसमोरून उठायची, तशी. एकाने बोलायच्या आधी विचारलं, "बाई, माझा आवाज येतोय ना?" मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. पेन्सिल धरताना बोटं दुखायची. डबा वाटून खायचा नाही, असा नियम. त्यामुळे मैत्री जमायचा सगळ्यात जुना मार्गच बंद. आणि मास्कमुळे मी हसले की रागावले, हे मुलांना कळत नसे. मी भुवयांनी बोलायला शिकले.

मागे पडलेला अभ्यास भरून काढायची सगळ्यांनाच घाई होती. मला मात्र वाटत होतं, की या मुलांना आधी दिवस कसा असतो ते कळू दे. म्हणून रोज त्याच क्रमाने त्याच गोष्टी केल्या. आल्यावर हजेरीचं गाणं, मग फळ्यावर आजची तारीख आणि पाऊस-ऊन, मग गोष्ट, मग लेखन, मग पाणी. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाची चित्रं काढून ठेवली. एकेक काम झालं, की एका मुलाने येऊन ते चित्र पुसायचं. पुढे काय येणार, ते ठाऊक असलं, की मूल निर्धास्त होतं. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाली, तेव्हा वाटलं, सगळं मुसळ केरात. पण परत आल्यावर पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, चित्रं काढायची राहिली." तिच्या मनातली घडी मोडली नव्हती.

दिनक्रमाला आपण शिस्त म्हणतो, तेव्हा त्यात हुकमाचा वास येतो. मुलाच्या बाजूने पाहिलं, तर दिनक्रम हा जिन्याचा कठडा असतो. धरायला असला, की पायऱ्या चढता येतात.

ज्यांची शाळा मध्येच सुटते

जूनचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे रेनकोटवाली मुलं असतात. पण या राज्यात अशीही मुलं आहेत, ज्यांची घडी दरवर्षी मोडते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी माझी एक मैत्रीण सांगते, "आमच्याकडे जूनमध्ये वर्ग भरलेला असतो. दिवाळीनंतर निम्मा होतो. आणि मुलं परत येतात, तेव्हा परीक्षा दारात उभी असते." कोपीवर मुलाचा दिवस आई-बापांच्या कामाप्रमाणे चालतो. पहाटे, कधी रात्रीसुद्धा गाडी भरायची असते. धाकट्याला सांभाळायचं असतं. अशा मुलाला परत आल्यावर अकरा ते पाच एका जागी बसायला सांगणं, म्हणजे वाहत्या ओढ्याला बाटलीत राहा म्हणण्यासारखं आहे.

साखरशाळा झाल्या, मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळायची आणि वर्षाच्या मध्येही दार बंद न होण्याची सोय केली. तरी वर्गात परत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणी "इतके दिवस कुठे होतास?" असं सगळ्यांसमोर विचारलं, तर कायदा तिथे काय करणार? माझी मैत्रीण अशा मुलांना पहिल्या दिवशी एकच काम देते. त्यांनी कारखान्याच्या रस्त्याचा नकाशा फळ्यावर काढायचा आणि वाटेतली गावं सांगायची. इतर मुलं तोंडात बोट घालून ऐकतात. जो मागे पडलेला असतो, तो त्या तासापुरता सगळ्यांच्या पुढे असतो.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुलं शाळेकडे येत नाहीत, असं दिसलं, तेव्हा या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा भरवली. मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं, हे आपण गृहीत धरतो. शाळेनेही चार पावलं मुलाकडे चालत जायची असतात, हे ताराबाईंनी करून दाखवलं.

केव्हा थांबू नये

पंधरा दिवस थांबा, असं मी म्हणते. पण काही खुणा दिसल्या, तर एक दिवसही थांबू नये. रडं, चिडचिड, सकाळची पोटदुखी ही बहुतेक मुलांत दोन-तीन आठवड्यांत ओसरते. महिना उलटला, तरी ती तशीच राहिली किंवा वाढली, तर बाईंना भेटा. सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत लागली, मूल रात्री दचकून उठू लागलं, एरवी बोलकं असलेलं एकदम गप्प झालं, एकाच माणसाचं नाव काढताच किंवा रिक्षा दिसताच थरथरू लागलं, अंगावर वळ दिसले, तर त्याच दिवशी भेटा. मुलाला मारणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं, याला शिक्षण हक्क कायद्याने मनाई केलेली आहे. तेव्हा विचारताना पालकांनी संकोचू नये. आणि फळ्यावरचं उतरवून घेत नाही, अशी तक्रार आली, तर शिकवणी लावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. 'लक्ष नाही' असा शेरा मिळालेली किती तरी मुलं चष्मा लागल्यावर लक्ष द्यायला लागतात.

बाईंना भेटताना मात्र एक करा. मुलासमोर शाळेला नावं ठेवू नका आणि बाईंसमोर मुलाला. "घरी फार त्रास देतो हो, तुम्हीच बघा याला", हे वाक्य मुलाच्या कानावर पडलं, की त्याला दोन्हीकडे माणूस उरत नाही.

आज रविवार. मुलांच्या नव्या घडीला रविवार फार नडतो. पाच दिवस महत्प्रयासाने जमवलेली झोप शनिवारी रात्री उधळली जाते, रविवारी दुपारी मटणाच्या जेवणानंतर मुलं तीन तास झोपतात आणि रात्री टकटकीत जागी. सोमवारी सकाळी पुन्हा भोकाड. मग आई म्हणते, "गेल्या आठवड्यात तर रडायचा थांबला होता!" थांबला होता, आणि पुन्हा थांबेल. सोमवारचं रडं हे पहिल्या दिवसाचं नसतं. ते सुटीचं असतं.

तेव्हा आज दुपारी त्याला तासाभरातच उठवा. संध्याकाळी बाहेर खेळायला पिटाळा, पाऊस असला तर दोन उड्या डबक्यात मारू द्या. दिवेलागणीनंतर दप्तर त्याचं त्याला भरू द्या, तुम्ही फक्त वेळापत्रक वाचून दाखवा. बाटली तोच भरेल, थोडी सांडेल. रोजच्याच वेळेला दिवा मालवा आणि अंधारात उद्याचा दिवस त्याला गोष्टीसारखा सांगा. आधी रिक्षाकाका येतील, मग प्रार्थना, मग बाई, मग डबा, आणि डब्यात काय असेल, तेही सांगून टाका. ऐकता ऐकता डबा यायच्या आधीच त्याचा डोळा लागेल.